तडतड थांबेपर्यंत

श्रावणात भोरला जावं. भाटघरच्या पाण्यावर ढग टेकलेले असतात, रायरेश्वराचं पठार आठ-आठ दिवस दिसत नाही, आणि खाचरांत भाताची बेणणी चालू असते. डोक्यावर इरलं नाहीतर प्लॅस्टिकचा कागद घेऊन बायका ओळीनं वाकलेल्या असतात. उपटलेलं तण बांधावर पडत जातं, पण एक झाड तेवढं ओच्यात जातं. खरबरीत पान, सदऱ्याच्या बटणाएवढं पांढरं फूल, आणि चुरगाळलं की थोड्याच वेळात बोटं शाई लागल्यासारखी काळी. हा माका. संस्कृतात भृंगराज. भोर-वेल्ह्याच्या घराघरांत केसांच्या तेलात पहिला मान त्याचा.

माझं आजोळ भोरचं. एका श्रावणात मी तिथून पिशवीभर माका, दारची जास्वंद, आडाजवळची ब्राह्मी आणि कढीलिंबाचे डहाळे गोळा केले आणि लिटरभर खोबरेलात कढवून दिवाळीसाठी तेल केलं. पुण्याची एसटी गाठायची घाई होती. रंग हिरवागार उतरला, वास सुटला, म्हणून कढई उतरवली, गरम तेल फडक्यातून पिळून बाटलीत भरलं आणि झाकण घट्ट लावलं. गौरी-गणपतीत तेल गढूळ दिसू लागलं. नवरात्रात बाटलीच्या गळ्याशी पांढुरकी साय धरली. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगासाठी झाकण उघडलं तेव्हा असा कुबट वास आला की ती बाटली तशीच मागच्या दारी नेऊन ठेवली. आजीला सांगितलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "तडतड थांबली व्हती का?" मला आठवेना. ती म्हणाली, "त्याल अजून बोलत व्हतं, पोरी. बोलणं थांबल्याबिगर उतरवायचं नसतं."

त्या एका वाक्यानं मला या विषयाकडे ढकललं. वाचत गेले, विचारत गेले, करत गेले. आज घरगुती केशतेलाची आवड पुन्हा वाढली आहे. लाकडी घाण्याचं तेल शहरांत दुकानोदुकानी मिळतं, जास्वंद-माका-मेथीची तेलं घरोघरी होतात. आणि ते तेल टिकावं म्हणून त्यात काय घालावं, हा प्रश्न प्रत्येकीच्या तोंडी असतो. माझं सांगणं असं आहे की प्रश्नच उलटा विचारायला हवा. तेल टिकतं ते त्यातून काय काढलं यावर. पाणी काढलं, गाळ काढला, हवा काढली, उजेडापासून दूर नेलं, की बाकी फारसं करावं लागत नाही.

मावळची हवा

हा भाग सोपा नाही. हिरडस मावळ, वेळवंड खोरं, गुंजण मावळ, कानंद खोरं ही सगळी नावं सह्याद्रीच्या कुशीतली. वरंध घाटाकडे किंवा केळदच्या मढे घाटाकडे जावं तसा पाऊस वाढत जातो. तोरणा-राजगडाच्या पायथ्याच्या गावांत जून ते सप्टेंबर भिंतीला ओल असते, मीठ पाझरतं, चामड्याच्या चपलेवर बुरशी येते. पूर्वेला नसरापूर, कापूरहोळ, किकवीकडे आलं की तोच पाऊस पुष्कळ ओसरलेला असतो. एकाच रेसिपीचं तेल वेल्ह्यात आणि शिरवळच्या बाजूला सारखं टिकेल, अशी अपेक्षा धरू नये. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, पण तिथला पाऊस तोच आहे.

अडचण अशी की माका, ब्राह्मी ऐन जोमात असतात ती याच दिवसांत. पान रसानं भरलेलं, हवा दमट, सरपण ओलं, आणि सण जवळ. म्हणजे तेलाला सर्वांत जास्त पाणी मिळतं त्याच काळात ते पाणी काढून टाकणं सर्वांत अवघड असतं. जुन्या बायकांनी यावर दोन वाटा काढल्या होत्या. एक, पानं सावलीत सुकवून ठेवायची आणि पावसाची उघडीप पडल्यावर, आश्विनात, तेल करायचं. दुसरी, ओल्या पानांचंच करायचं, पण तडतड थांबेपर्यंत आचेवरून हलायचं नाही. मी या दोन्ही वाटा सोडून तिसरी धरली होती.

बिघडतं म्हणजे काय

तेल बिघडण्याच्या दोन वाटा आहेत आणि त्या वासावरून ओळखता येतात. एक कुबट, दुसरी खवट.

कुबटपणा पाण्यामुळे येतो. शुद्ध, कोरड्या तेलात जंतू किंवा बुरशी वाढूच शकत नाही, कारण तिला जगायला पाणी लागतं. तेलात पानाचा तुकडा राहिला, कांद्याच्या रसाचा थेंब राहिला, ओली बाटली वापरली, तर त्या थेंबाच्या आणि तेलाच्या सीमेवर तिचा संसार सुरू होतो. पाण्यामुळे तेलाचे रेणूही फुटतात आणि त्यातली स्निग्धाम्लं मोकळी होतात. खोबरेलाला कधी कधी साबणासारखा वास येतो तो यामुळे. बुरशी लागली तर ती या आम्लांपासून आणखी उग्र वासाचे पदार्थ तयार करते.

खवटपणा हवेमुळे येतो. हवेतला प्राणवायू तेलाशी जोडला जातो. पहिल्यांदा तयार होतात ती पेरॉक्साइडं, आणि त्यांना वास नसतो. ती फुटली की आल्डिहाइडं होतात, आणि मग जुन्या शेंगदाण्यासारखा, रंगाच्या डब्यासारखा वास येतो. म्हणजे नाकाला कळतं तेव्हा आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. ही साखळी एकदा सुरू झाली की स्वतःच वाढत जाते. म्हणून जुन्या बाटलीत तळाला उरलेल्या तेलावर नवं तेल ओतणं ही सर्वांत महाग पडणारी काटकसर आहे. तळाच्या चमचाभर खवट तेलाची साखळी नव्या लिटरभर तेलाला लागते. खवट तेलातली द्रव्यं टाळूला चुरचुर आणि खाज आणू शकतात, त्यामुळे अशा तेलाची जागा डोक्यावर नाही.

हवेची ही साखळी उष्णतेनं वेगावते, उजेडानं वेगावते, तांब्या-लोखंडाच्या कणांनी वेगावते. पाणी, हवा, उजेड, ऊब आणि धातू या पाच गोष्टी लक्षात ठेवल्या की पुढचं सगळं आपोआप सुचतं.

तेलाचं बोलणं

आजी ज्याला बोलणं म्हणत होती ते पाणी होतं. पाणी शंभर अंशांना उकळतं. तेलात पाणी आहे तोवर तेलाचं तापमान शंभराच्या आसपास अडकून राहतं, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. बुडबुडे येतात, तडतड होते. पाणी संपलं की तडतड थांबते आणि तापमान भराभर चढू लागतं. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर हे डोळ्यांनी बघता येतं. पारा शंभराशी रेंगाळलेला असतो, मग एकाएकी एकशे दहा-पंधराकडे निघतो. तोच उतरवण्याचा क्षण. त्याच्या पुढे गेलं तर पान जळतं आणि तेलही.

हे ज्ञान आपल्या शास्त्रात फार पूर्वी लिहिलेलं आहे. शार्ङ्गधरसंहिता हा मध्ययुगातला ग्रंथ. त्यात औषधी तेलाचं सर्वसाधारण प्रमाण दिलं आहे ते असं, की एक भाग वाटलेला कल्क, चार भाग तेल आणि सोळा भाग द्रव. लिटरभर तेलाला पाव किलोच्या हिशेबानं कल्क आणि तब्बल चार लिटर काढा किंवा रस. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चकित झाले. पाण्यानं तेल बिघडतं म्हणायचं आणि चौपट पाणी घालायचं? पण तिथंच मर्म आहे. पाणी वनस्पतीतला गुण ओढून घेतं, पानाला तेलात करपू देत नाही, आणि शेवटी ते संपूर्ण आटवायचं असतं. पाणी घालण्यात चूक नाही, पाणी मागे राहण्यात चूक आहे.

आटलं हे कसं ओळखायचं, तेही ग्रंथात आहे. कल्क बोटांत घेऊन वळला तर त्याची वात व्हावी. ती वात विस्तवावर धरली तर तडतड आवाज येऊ नये. तेलावर फेस यावा. तुपाचं याच्या उलट, तिथं फेस बसला की तूप सिद्ध झालं. पाकाचे तीन प्रकार सांगितले आहेत, मृदू, मध्य आणि खर. नाकात घालायच्या तेलाला मृदू, सर्व कामांना मध्य आणि अंगाला-डोक्याला चोळायच्या तेलाला खर. खर म्हणजे कल्क किंचित कडक होईपर्यंत. त्याच्या पुढचा पाक जळका, तो टाकून द्यायचा. अभ्यंगाच्या तेलाला खरपाक सांगण्यात टिकाऊपणाचंही शहाणपण आहे असं मला वाटतं, कारण त्यात पाणी उरण्याची शक्यता सर्वांत कमी.

आजीनं शार्ङ्गधर वाचला नव्हता. तिनं लोणी कढवलं होतं. मावळातल्या पठारांवर धनगरवाडे आहेत, खाली प्रत्येक घरी एखादी म्हैस असायची, आणि लोणी कढवताना कडकड आवाज थांबला, बेरी तांबूस झाली की तूप झालं, हे दहा वर्षांच्या मुलीलाही कळायचं. कच्चं राहिलेलं तूप आठ दिवसांत वास मारतं, नीट कढवलेलं वर्षभर टिकतं. जी बाई तूप कढवू शकते तिला तेल कढवता येतं. कान तोच लागतो.

कोणतं तेल मुळात टिकतं

वनस्पती कोणत्याही घाला, बाटलीचं आयुष्य ठरतं ते मूळ तेलावर. खोबरेलातली सुमारे नव्वद टक्के स्निग्धाम्लं संतृप्त असतात. हवेला धरायला तिथं जागाच कमी असते, म्हणून कोरडं खोबरेल फार सावकाश खवट होतं. केसांच्या दृष्टीनंही त्याचा दावा भक्कम आहे. मुंबईत मॅरिकोच्या प्रयोगशाळेत आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची केसांवर तुलना केली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात केसातली प्रथिनं वाहून जाणं ठळकपणे कमी केलं ते एकट्या खोबरेलानं. कोकणात ओल्या नारळाचं दूध आटवून काढलेलं आवेल फार प्रेमानं वापरतात. पण त्यात नारळाचं पाणी आणि चोथा राहण्याची शक्यता अधिक, म्हणून ते पुन्हा एकदा मंद आचेवर कढवून, निवळून घ्यावं.

दुसरं तिळाचं. तैल हा शब्दच तिळापासून आला. त्यात असंतृप्त स्निग्धाम्लं भरपूर असूनही ते हवेपुढे चांगला टिकाव धरतं. कारण तिळात सेसमिन, सेसमोलिन आणि त्यापासून होणारं सेसमॉल ही स्वतःची राखणदार द्रव्यं असतात. आपल्या जुन्या वैद्यांनी औषधी तेलांचा पाया म्हणून तिळाला पहिली पसंती दिली, त्यात हाही अनुभव असणार. खोबरेलाच्या तीन भागांत कच्च्या घाणीच्या तिळाच्या तेलाचा एक भाग मिसळला की थंडीत तेल गोठण्याचा त्रासही कमी होतो.

एरंडेल घट्ट आणि टिकाऊ, पण थोडंच घालावं. बदामाचं तेल मधलं. आणि मग आपल्या मावळाचं स्वतःचं तेल, कारळ्याचं. कुणी खुरासणी म्हणतं. भादव्या-आश्विनात वेल्ह्याच्या उतारांवर कारळा पिवळाधमक फुलतो, आणि कारळ्याची चटणी नसलेलं घर इकडे विरळा. त्याचं तेल खायला उत्तम. पण त्यात निम्म्याहून अधिक लिनोलेइक आम्ल असतं, आणि ते हवेला फार लवकर बळी पडतं. कारळ्याच्या तेलात केशतेल करायचं असेल तर महिना-दीड महिन्यापुरतंच करावं. सूर्यफूल आणि करडईचंही तसंच.

शंभर मिलिलिटर बदाम तेलापायी लिटरभर खोबरेलाचं आयुष्य आपण कमी करतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मिश्रण टिकतं ते त्यातल्या सर्वांत नाजूक तेलाइतकं. नाजूक तेल वेगळ्या छोट्या बाटलीत ठेवावं आणि लावायच्या वेळी वाटीत मिसळावं.

हिरवा रंग आणि खिडकी

घरगुती केशतेलाच्या हिरव्या रंगाचा आपल्याला अभिमान असतो, आणि तो रंग दिसावा म्हणून आपण ते पारदर्शक काचेच्या बाटलीत खिडकीशी ठेवतो. यापेक्षा वाईट जागा नाही. तो हिरवेपणा हरितद्रव्याचा. झाडात असताना उजेड पकडणं हेच त्याचं काम असतं, आणि तेलात उतरल्यावरही ते तेच करतं. पकडलेली ऊर्जा ते तेलात विरघळलेल्या प्राणवायूला देतं, आणि असा चेतवलेला प्राणवायू साध्या प्राणवायूच्या हजारपटीहून अधिक वेगानं लिनोलेइक आम्लावर तुटून पडतो. अंधारात हेच हरितद्रव्य निरुपद्रवी असतं.

ओली पानं आणि तेल काचेच्या बरणीत भरून एकवीस किंवा चाळीस दिवस उन्हात ठेवायची पद्धत अलीकडे फार चालते. त्यात पाणी, उजेड आणि ऊब तिन्ही एकत्र येतात. शास्त्रात उन्हाच्या उबेवर करायचा आदित्यपाक आहे, नाही असं नाही. पण तिथंही द्रव आटेपर्यंत हीच अट आहे, आणि झाकण लावलेल्या बरणीत द्रव आटणार कुठे? उन्हात ठेवायचंच असेल तर पानं पूर्ण वाळलेली हवीत, इतकी की मुठीत चुरली तर चुरा व्हावा, आणि बरणी काळ्या कापडात गुंडाळलेली हवी.

तेलाखाली बुडालेलं ओलं पान सुरक्षित असतं, हाही एक भ्रम. खाण्यातलं उदाहरण सांगते. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना बॉट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाची बाधा, झाला. लसणाच्या ओलाव्यातल्या जंतूंना हवा नको होती, आणि तेलानं ती अडवून धरली होती. पुढे अमेरिकेत अशा लसूण-तेलात आम्ल घालणं सक्तीचं झालं. केसांचं तेल आपण पीत नाही, त्यामुळे तो धोका तसाच्या तसा इथं नाही. पण तेल म्हणजे आपोआप राखण, ही समजूत सोडून द्यायला ती घटना पुरेशी आहे. कच्च्या कांद्याचा रस, कोरफडीचा गर, ताजं आलं हे तेलात मिसळून ठेवायचे जिन्नस नाहीत. लावायच्या दिवशी वाटीत घ्यावे आणि उरलं तर टाकावं.

कॅप्सूल, लवंग, कापूर

टिकण्यासाठी म्हणून सर्वांत जास्त घातली जाते ती ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल. इथं एक बारकावा आहे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या बहुतेक कॅप्सुलांत टोकोफेरिल ॲसिटेट असतं. पोटात गेल्यावर शरीर त्याचं खरं टोकोफेरॉल करतं. बाटलीत ते काम करायला कुणी नसतं, त्यामुळे तेलाची हवेपासून राखण होत नाही. त्यासाठी मोकळं, नैसर्गिक मिश्र टोकोफेरॉल लागतं, आणि तेही लिटरला ग्रॅमभर पुरतं. ओंजळीनं घातलं तर गुण वाढत नाही, उलट अवगुण येऊ शकतो. आणि टोकोफेरॉल हवेला अडवतं, बुरशीला नाही. पाणी राहिलेल्या तेलात त्याचा काही उपयोग नाही.

लवंगेचं तसं नाही. तिच्यातलं युजेनॉल हवेला विरोध करतं, म्हणून तेलात चार लवंगा टाकायच्या जुन्या सवयीला अर्थ आहे. भीमसेनी कापूर, वाळा, नागरमोथा, गव्हला, कचोरा, मरवा यांनी तेलाला दिवाळीचा वास येतो. वासासाठी ते जरूर घालावेत, तेल कोमट झाल्यावर. पण वासानं खवटपणा झाकला जातो, थांबत नाही. सुगंधी तेलात बिघाड उशिरा कळतो, एवढंच.

आवळ्याबद्दल एक शब्द. लोखंडी कढईत आवळा शिजवला की तेल काळं होतं. ती आवळ्यातल्या टॅनिनची आणि लोहाची किमया आहे आणि पूर्वापार चालत आली आहे. करावं, पण तेल गाळून लगेच काढून घ्यावं, रात्रभर कढईत मुरत ठेवू नये. बिनकल्हईची तांब्या-पितळेची भांडी तर टाळावीतच. स्टील किंवा काच बरी.

फडकं, बरणी, हात

आता प्रत्यक्ष कृतीचं सांगते, कारण बहुतेक तेलं चुलीवर नव्हे, चुलीवरून उतरल्यानंतर बिघडतात.

तेल कोमट होऊ द्यावं. धुऊन कडकडीत वाळवलेलं मलमलीचं फडकं घ्यावं आणि त्यातून तेल आपसूक निथळू द्यावं. पिळू नये. पिळलं की पानाचा बारीक गाळ आणि त्यातला ओलावा खाली येतो. चार चमचे तेल वाचवताना लिटर जातं. चोथ्यात राहिलेलं तेल त्याच दिवशी डोक्याला लावून संपवावं. मग गाळलेलं तेल झाकून दोन-तीन दिवस हलवू नये. तळाशी गाळ बसतो, वरचं नितळ तेल अलगद नितारून घ्यावं. लाकडी घाण्याचं तेल आणलं तरी त्याला हाच न्याय. आधी निवळू द्यावं, मग वापरावं.

बाटली गरम पाण्यानं धुवावी आणि पूर्ण वाळवावी. पावसाळ्यात ती घरात दोन दिवसांतही वाळत नाही. नुकत्याच विझलेल्या चुलीच्या उबेला किंवा मंद ओव्हनमध्ये ठेवून वाळवावी. लिटरची एक बाटली भरण्यापेक्षा शंभर-दोनशे मिलिलिटरच्या गडद तपकिरी काचेच्या बाटल्या गळ्यापर्यंत भराव्यात. अर्धी रिकामी बाटली म्हणजे अर्धी बाटली हवा. चालू बाटली एक, बाकी बंद, अंधाऱ्या कपाटात, चुलीपासून आणि न्हाणीघरापासून लांब. न्हाणीघरातल्या वाफेचा थेंब झाकणाच्या आत बसतो आणि तिथूनच कुबटपणा सुरू होतो.

तेल वाटीत ओतून घ्यावं. वाटीतलं उरलेलं परत बाटलीत टाकू नये. ओला हात, ओला चमचा, केसांतून फिरलेला कापूस बाटलीच्या तोंडाला लावू नये. मार्गशीर्षात भोरला खोबरेल दगडासारखं होतं, कारण चोवीस-पंचवीस अंशांखाली ते गोठतं. मग रोज अख्खी बाटली शेगडीपाशी नेली जाते. त्यापेक्षा रुंद तोंडाच्या बरणीत ठेवून कोरड्या चमच्यानं हवं तेवढंच काढावं आणि वाटी गरम पाण्यात धरावी. फ्रिजमध्ये ठेवलंच तर बाहेर काढल्यावर बाटली खोलीच्या उबेला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर आत दव धरतं.

आणि प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी. काय घातलं, कोणत्या तेलात, कोणत्या तारखेला.

किती दिवस? शार्ङ्गधराच्या वचनाचा रूढ अर्थ घेतला तर तूप-तेलाची गुणवत्ता सोळा महिने. सरकारच्या औषधविषयक नियमांत आयुर्वेदिक तेलांना तीन वर्षं आणि घृतांना दोन वर्षं दिली आहेत, पण ती परवानाधारक कारखान्यात, तपासणी होऊन, बंद बाटलीत भरलेल्या मालाला. घरच्या तेलाला मी याहून फार कडक माप लावते. नीट कढवलेलं खोबरेल किंवा तिळाचं तेल, बंद बाटलीत, सहा महिने. उघडल्यावर दोन महिने. कारळ्याचं दीड महिना. कच्चा रस घातलेलं, त्याच दिवशी. दर महिन्याला एक थेंब तळहातावर चोळून हुंगावा. शंका आली तर ते डोक्याला लावू नये, पणतीत घालावं.

विकायचं असेल तर

भोर-राजगडच्या गावांत बचत गटांचं काम जुनं आहे. ज्ञान प्रबोधिनीनं वेल्हे परिसरात बायकांचे गट उभे केले, पुढे सरकारचं 'उमेद' अभियान आलं. अशा गटांच्या प्रदर्शनांत, पुण्याच्या भीमथडी जत्रेपासून मुंबईच्या महालक्ष्मी सरसपर्यंत, घरगुती केशतेलाची बाटली आता नेहमीची झाली आहे. हे चांगलंच आहे. बांधावरचं तण ज्यांनी ओळखलं त्यांना त्याचे पैसे मिळायला हवेत.

पण विक्रीचं तेल आणि घरचं तेल यांत फरक आहे. सौंदर्यप्रसाधन म्हणून तेल बनवून विकायचं तर सौंदर्यप्रसाधने नियम २०२० प्रमाणे परवाना लागतो, आणि महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावा लागतो. केस उगवतात, गळणं बंद होतं असा औषधी दावा करायचा तर आयुर्वेदिक औषधाचा वेगळा परवाना. बाटलीवर घटक, घाण्याचा म्हणजे बॅचचा क्रमांक, बनवल्याची तारीख, वापराची मुदत आणि बनवणाऱ्याचा पत्ता हवा. केशतेलासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस ७१२३ हे मानक आहे. एकट्या बाईला हे सगळं झेपणार नाही. चार-पाच गावांच्या गटांनी मिळून एक परवानाधारक जागा, एक थर्मामीटर, एक पाणी मोजायचं यंत्र आणि वर्षातून काही नमुन्यांची प्रयोगशाळेत तपासणी एवढं केलं तर जमू शकतं. जिथं गट उभे आहेत तिथं हे अशक्य नाही, आणि तालुक्याच्या पातळीवर ही मदत मिळायलाच हवी. मुदतीची तारीख नसलेली बाटली पहिल्यांदा विकली जाते. खवट निघाली की दुसऱ्यांदा विकली जात नाही, आणि तिच्याबरोबर शेजारच्या गटाच्या चांगल्या तेलाचंही नाव जातं.

आजी आता नाही. तिच्या पद्धतीनं मी दर आश्विनात तेल करते. श्रावणात तोडून आढ्याखाली सावलीत वाळवलेला माका, जास्वंदीच्या पाकळ्या, चार लवंगा, तीन वाट्या खोबरेल, एक वाटी तिळाचं. लिटरभरही नाही, कारण एवढंच दोन माणसांना फाल्गुनापर्यंत पुरतं. जास्त करून टिकवण्यापेक्षा थोडं करून संपवणं केव्हाही चांगलं.

 उठून आपल्या कपाटातली तेलाची बाटली काढा. उजेडात धरून बघा, तेल नितळ आहे का. हुंगून बघा. तिच्यावर तारीख नसेल तर आजची घाला. आणि पुढच्या वेळी तेल चुलीवर ठेवाल तेव्हा घरातल्या लहान मुलीला, आणि मुलालाही, शेजारी बसवा. त्यांना सांगा, रंगाकडे बघू नका, वासावर जाऊ नका. कान द्या. तडतड थांबेपर्यंत थांबा.